साहेबाची उधारी

थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' नावाची एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आहे. जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ अशी दीड वर्षं ती लंडनमध्ये महिन्याच्या महिन्याला हप्त्यांनी छापून येत होती (थोडक्यात, त्या काळची मालिकाच). नायिका बेकी शार्प. हुशार, गरीब, अनाथ आणि मनात कसलाही किंतु न बाळगणारी. नवरा रॉडन क्रॉली. घोडदळातला ऑफिसर, खानदानी घरातला धाकटा मुलगा, आणि बेकीशी गुपचूप लग्न केल्यामुळे श्रीमंत आत्याच्या मृत्युपत्रातून जवळजवळ पत्ता कट झालेला. उत्पन्न म्हणाल तर दोघांनाही काही नाही. तरीही वॉटर्लूच्या लढाईनंतरच्या काही वर्षांत हे जोडपं लंडनच्या मेफेअरमध्ये, कर्झन स्ट्रीटवर, सजवलेल्या घरात राहतं, घोडागाडी ठेवतं आणि लॉर्ड लोकांना जेवायला बोलावतं. हे जमतं कसं, यावर थॅकरेने दोन अख्खी प्रकरणं खर्ची घातली आहेत. छत्तीस आणि सदतीस. कादंबरीला वेळ नसेल तर नुसती ही दोन वाचा.

उत्तर अर्थातच सोपं आहे. रॉडन पत्ते आणि बिलियर्ड्समध्ये नवख्या पोरांना लुटतो, आणि बाकी सगळं उधार. पण थॅकरे तिथे थांबत नाही. तो विचारतो, उधार म्हणजे नक्की कोणाचं? आणि मग आपल्याला रॅगल्स भेटतो.

रॅगल्स हा क्रॉलींच्या गावच्या माळ्याचा मुलगा. सुऱ्या घासायच्या कामापासून सुरुवात करून वर चढत चढत तो त्याच आत्याबाईंचा बटलर झाला. घरातल्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं. भाजी, दूध, अंडी विकायचं छोटं दुकान टाकलं. पै-पै जमवून, थोडं कर्ज काढून, कर्झन स्ट्रीटवरचं ते घर फर्निचरसकट विकत घेतलं. भाड्याने द्यायचं, भाड्यातून हप्ते फेडायचे, पोरांना चांगल्या शाळेत घालायचं, असा सरळमार्गी हिशेब. आपल्या ओळखीचं कुणीही हेच करेल. अशा माणसाच्या दारात एक दिवस धन्याच्या घरचा मुलगा भाडेकरू म्हणून येतो. ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घरचा! रॅगल्स नुसतं घर देत नाही, दुकानातला माल देतो, पार्टी असली की स्वतः बटलर म्हणून उभा राहतो आणि त्याची बायको खाली स्वयंपाक करते. पैसे? ते येतीलच की. क्रॉली आहेत ते.

पैसे येत नाहीत. रॅगल्सला मात्र घरावरचे कर भरायचे आहेत, कर्जाचं व्याज भरायचं आहे, विम्याचा हप्ता भरायचा आहे, आणि त्याच्या देणेकऱ्यांना क्रॉली नावाचं काडीचंही कौतुक नाही. शेवटी पोरं रस्त्यावर आणि रॅगल्स फ्लीट नावाच्या कर्जदारांच्या तुरुंगात. बेकी आणि रॉडन त्याच दोन-तीन वर्षांत दरबारात जाऊन राजाला भेटून येतात.

थॅकरेचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्यांचं उत्पन्न शून्य आहे अशा प्रत्येक झकपक घराचा खर्च कुणीतरी एक रॅगल्स करत असतो. आणि तो रॅगल्स आपल्याला सहसा दिसत नाही, कारण आपण जेवणाच्या टेबलावर बसलेलो असतो.

ही गोष्ट कादंबरीपुरती असती तर सोडून दिली असती. पण मागचा इतिहास वाचायला लागलो तर लक्षात आलं की थॅकरेने फार काही वाढवून सांगितलेलं नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये प्रतिष्ठित गिऱ्हाईक रोख पैसे देत नसे. खिशात हात घालून नाणी मोजणं हे हलक्या माणसाचं लक्षण. शिंपी, मोजे विकणारा, वाइनवाला, गाड्या बनवणारा, सगळ्यांची खाती चालायची आणि बिलं सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याहून उशिरा जायची. दिलेल्या बिलावर पैसे मिळतील हे गृहीत नसे. तगादा लावणारा दुकानदार हा असभ्य.

मग दुकानदार देत का होते? कारण वहीत ड्यूकचं नाव असणं हीच जाहिरात होती. ड्यूक ज्याच्याकडून कोट शिवून घेतो त्याच्याकडे पन्नास वकील, डॉक्टर, जमीनदार येणार. ड्यूकवर दावा लावला तर ड्यूक तर जाणारच, पण त्याचे मेहुणे, मित्र आणि त्यांचे शिंपी बदलायला निघालेले मित्र, सगळेच जाणार. ब्यू ब्रमेल या फॅशनच्या बादशहाची एक गोष्ट सांगतात. एकाने उसने पैसे परत मागितले तेव्हा ब्रमेल म्हणाला की ते तर मी फेडले, क्लबच्या खिडकीत बसलो असताना तुला नावाने हाक मारून कसा आहेस विचारलं ना, तेव्हाच. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्यातला विनिमय दर अगदी खरा आहे. (हाच ब्रमेल १८१६च्या मे महिन्यात कर्जदारांना चुकवून रातोरात कॅलेला पळाला आणि १८४० मध्ये फ्रान्समधल्या काँ गावी वेड्यांच्या इस्पितळात वारला. खिडकीतली हाक फ्रान्समध्ये चालली नाही.)

आणि बुडीत उधारीचं काय? ती सगळ्यांच्या किमतीत घातली जायची. आपल्याकडे म्हण आहे ना, उधारीचं पोतं सव्वा हात रितं. लंडनमध्ये ते पोतं ड्यूकसाठी भरून जायचं आणि रितं राहायचं ते वेळेवर पैसे देणाऱ्या कारकुनासाठी.

कायदाही गमतीदार होता. गमतीदार म्हणजे ज्याला भोगायला लागत नाही त्याच्यासाठी. दहा पौंडांच्या वरचं देणं असेल तर धनको नुसतं शपथपत्र करून ऋणकोला अटक करवू शकत असे. खटल्याचा निकाल नंतर. निकालाआधीची ही अटक १८३८ मध्ये बंद झाली, आणि साध्या कर्जासाठीची कैद १८६९च्या कायद्याने बहुतांशी संपली. तोवर कुणालाही आत टाकता यायचं. कुणालाही म्हणजे, लॉर्ड आणि खासदार सोडून. त्यांना कर्जापायी अटक होत नसे. दुसरी मजा, दिवाळखोरी जाहीर करून कर्जातून मोकळं व्हायची सोय १८६१ पर्यंत फक्त व्यापाऱ्यांना होती. जंटलमनला दिवाळं काढता येत नसे, कारण जंटलमन व्यापार करत नाही! आणि तिसरी, मला सगळ्यात आवडलेली: जुगारातलं मोठं देणं १७१० च्या कायद्याने कोर्टात वसूल करता येत नसे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते देणंच नव्हे. पण नेमकं तेच देणं सभ्य माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चुकतं करत असे, कारण तो अब्रूचा प्रश्न. शिंप्याचं बिल कायदेशीर होतं, म्हणून थांबू शकत होतं. लॉजिक बघा.

राजघराणंही यात मागे नव्हतं. प्रिन्स ऑफ वेल्स (पुढचा चौथा जॉर्ज) याची कर्जं फेडायला संसदेने १७८७ मध्ये १,६१,००० पौंड दिले. आठ वर्षांनी, १७९५ मध्ये, कर्ज पुन्हा सुमारे ६,३०,००० पौंडांवर!

आता मूळ मुद्दा. उधारी बुडवणारा श्रीमंत हे उपहासाचं इतकं जुनं गिऱ्हाईक आहे की त्याच्यावर नाटकं, चित्रं, कादंबऱ्या यांची रांग लागेल. पण ही रांग लावून बघताना मी एकच गोष्ट तपासत गेलो: हसू कुणाच्या अंगावर पडतं? बुडवणाऱ्याच्या की बुडालेल्याच्या?

पॅरिसपासून सुरुवात करू, कारण या विषयावरचा सगळ्यात प्रसिद्ध प्रवेश तिथला आहे. मोलिएरचं 'दोम ज्युआँ' १५ फेब्रुवारी १६६५ ला रंगमंचावर आलं. चौथ्या अंकात मस्यू दिमांश नावाचा व्यापारी थकबाकी मागायला येतो. दोम ज्युआँ त्याला हाकलत नाही, उलट नोकरांवर ओरडतो की एवढ्या मोठ्या माणसाला ताटकळत का ठेवलं. खुर्ची मागवतो, ती नको, चांगली आरामखुर्ची आणा म्हणतो. बायको कशी आहे? धाकटी मुलगी? ढोल बडवणारा मुलगा? आणि तो कुत्रा, अजून पायांना चावतो का? दिमांशने तोंड उघडलं की पुढचा प्रश्न. शेवटी मशाली आणि हत्यारबंद नोकर बरोबर देऊन त्याची सन्मानाने बोळवण. पैशाचा विषय निघालेलाच नाही. नोकर स्गानारेलही त्याचं देणं लागतो, तो मालकाची नक्कल करून त्याला दाराबाहेर ढकलतो. प्रेक्षागृहात हशा. कुणावर? दिमांशवर. बावळट वाणी, गोड बोललं की विरघळला.

(दिमांश म्हणजे फ्रेंचमध्ये रविवार. इंग्लंडच्या कायद्यात रविवारी कर्जासाठी अटक करता येत नसे, त्यामुळे आठवडाभर लपून बसलेले कर्जदार रविवारी फिरायला बाहेर पडत. दोन्हींचा संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.)

आता हा मोलिएर कोण? राजाच्या घरचं गाद्या-पडद्यांचं काम करणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा. आणि १६४५ मध्ये पहिली नाटक कंपनी बुडाली तेव्हा, ज्यांची देणी थकली होती त्यांत नाट्यगृहाला मेणबत्त्या पुरवणारा एक जण होता, आणि त्यापायी मोलिएर स्वतः काही दिवस तुरुंगात जाऊन आला होता. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू त्याने पाहिल्या होत्या. म्हणूनच की काय, या नाटकाचा शेवट वेगळा आहे. दोम ज्युआँला पुतळा ओढून नरकात नेतो, सगळ्या फसवलेल्यांचा सूड पुरा होतो, आणि मोकळ्या रंगमंचावर उरलेला स्गानारेल ओरडतो की माझ्या पगाराचं काय? जगाचा हिशेब चुकता झाला, नोकराचा राहिला. ही भूमिका मोलिएर स्वतः करत असे. प्रयोग जेमतेम १५ झाले, आणि १६८२ च्या छापील आवृत्तीत ती पगाराची ओरड गाळलेली आहे. धर्मनिंदा म्हणून टीका झाली होती हे खरंच, पण नरकाच्या दारात पगाराची आठवण काढणं लोकांना जास्त झोंबलं असावं असं माझं मत.

लंडनमध्ये होगार्थने हाच विषय चित्रांत मांडला. त्याचे वडील लॅटिन बोलायचं कॉफी हाउस काढून बुडाले होते आणि फ्लीटमध्ये होते, होगार्थ तेव्हा पोरगा होता. त्याच्या 'मॅरेज अ ला मोड' मालिकेतलं (१७४३-४५) दुसरं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दुपार झालीय, तरुण उमराव रात्रभर बाहेर काढून खुर्चीत पसरलाय, बायको आळस देतेय, आणि डावीकडून घरचा कारभारी हात वर करून निघून चाललाय. हातात न भरलेल्या बिलांचा गठ्ठा. पावत्या अडकवायच्या तारेवर एकच पावती. मला वाटतं सगळ्या चित्रात ती एकटी पावती सगळ्यात बोलकी आहे. पण दुकानदार चित्रात नाही. त्याचं फक्त बिल आहे.

मग शेरिडन. 'द स्कूल फॉर स्कँडल', ८ मे १७७७. नायक चार्ल्स सरफेस हा उधळ्या, कर्जात बुडालेला, घरातल्या पूर्वजांच्या तसबिरी लिलावात काढणारा. भारतात पैसा कमावून परत आलेला काका ओळख लपवून त्याची परीक्षा बघायला येतो. चार्ल्स सगळे पूर्वज विकतो, फक्त काकाची तसबीर विकत नाही, आणि काका पाघळतो. हाती आलेल्या पैशातून चार्ल्स लगेच एका अडचणीतल्या नातेवाइकाला मदत पाठवतो. जुना विश्वासू रॉली सुचवतो की आधी दुकानदारांची बिलं भागवावीत. चार्ल्सला ते रुक्ष वाटतं. आणि प्रेक्षकालाही! दानत आहे पोरात, मग शिंप्याचं राहिलं तर राहिलं. इथे शिंपी रंगमंचावर येतसुद्धा नाही. कर्ज देणारा दिसतो तो ज्यू सावकार मोझेस, आणि त्याच्यावर हसायची मुभा त्या काळाने सगळ्यांनाच देऊन ठेवलेली.

शेरिडन स्वतः आयुष्यभर असाच जगला. १७८० पासून खासदार, त्यामुळे अटकेची भीती नाही. (वॉरन हेस्टिंग्जवरच्या खटल्यात अवधच्या बेगमांची बाजू घेऊन गाजलेलं भाषण करणारा तो हाच.) १८१२ मध्ये निवडणूक हरला. संरक्षण गेलं. १८१३ मध्ये कर्जासाठी अटक. जुलै १८१६ मध्ये वारला तेव्हा घरात बेलिफ बसलेले होते, आणि अंत्ययात्रेला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, ड्यूक आणि अर्ल.

या पार्श्वभूमीवर रॅगल्स पुन्हा बघा. थॅकरेही यातून सुटलेला नव्हता. जन्म कलकत्त्याचा, १८११. वारशाने मिळालेले बरेचसे पैसे थोडे जुगारात आणि बरेच कलकत्त्याच्या एजन्सी हाउसांच्या दिवाळखोरीत १८३३ च्या सुमाराला गेले. पण त्याने दुकानदाराला नाव दिलं, बायको दिली, पोरं दिली, आणि गोष्ट त्याच्या तुरुंगापर्यंत नेली. बेकी पॅरिसहून लंडनला येऊन नवऱ्याच्या सावकारांना गुंडाळते, दीड हजार पौंड रोख देऊन दहा पटींहून जास्त कर्ज मिटवते, तोवर आपण तिच्या बाजूचे असतो. कारण सावकार पण काही साधे नसतात. (हल्ली याला हेअरकट म्हणतात आणि तो एनसीएलटीमध्ये होतो.) रॅगल्स आला की हसू घशात अडकतं. दिमांशवर हसणारं प्रेक्षागृह ते हे, मध्ये जवळजवळ १८० वर्षं.

दुकानदार मात्र लेखकांची वाट बघत बसले नव्हते. १७७६ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी भामट्यांपासून धंद्याचं रक्षण करायला एक मंडळ काढलं आणि बुडव्यांची माहिती एकमेकांना द्यायला सुरुवात केली. म्हणजे सिबिलचे पणजोबाच म्हणा. १७८० मध्ये जेम्स लॅकिंग्टन या पुस्तकविक्रेत्याने ठरवलं की उधारी बंद, कुणालाही, उमराव असो की मित्र. लोक हसले. त्याने भाव खाली आणले, कारण आता बुडीत धरायचंच नव्हतं, आणि पुढे फिन्सबरी स्क्वेअरला अवाढव्य दुकान थाटलं. १८४४ मध्ये रॉचडेलच्या कामगारांनी सहकारी भांडार काढलं त्याचा नियमही तोच, माल रोखीने. आपल्याकडची 'आज रोख उद्या उधार' ही पाटी दिसली की मला हल्ली लॅकिंग्टन आठवतो.

उलट्या बाजूचं उदाहरणही जवळच आहे. माझा एक कॉलेजमित्र दहा-बारा लोकांची सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. मोठं गिऱ्हाईक, बिल सात महिने थकलेलं. कायद्याने (२००६ चा लघु-मध्यम उद्योगांचा कायदा) ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार का करत नाहीस विचारलं तर म्हणाला, अरे, वेबसाइटवर त्यांचा लोगो आहे ना आमच्या. दर मीटिंगला तिकडचे साहेब त्याच्या मुलीची चौकशी करतात म्हणे. मी त्याला 'दोम ज्युआँ'चा चौथा अंक पाठवून दिलाय.

असो. डिकन्सबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय संपत नाही. २० फेब्रुवारी १८२४ ला त्याच्या वडिलांना, जॉन डिकन्सना, अटक झाली आणि ते मार्शलसी तुरुंगात गेले. जॉन डिकन्स काही उमराव नव्हते, नौदलाच्या पगार कचेरीतले कारकून. पण राहणी जंटलमनची. बारा वर्षांचा चार्ल्स तेव्हा बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर बरण्यांना लेबलं लावत होता. हे सगळ्यांना माहीत असतं. अटक कुणी करवली हे कमी जणांना माहीत असतं. जेम्स कर नावाच्या पाववाल्याने. देणं होतं ४० पौंड १० शिलिंग. पावाचं! चार्ल्सच्या पगाराने फेडायचं म्हटलं तर १३५ आठवडे, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त. आपण या गोष्टीत नेहमी पोराच्या बाजूने रडतो, आणि ते बरोबरच आहे. पण एवढ्या रकमेचे पाव उधार देईपर्यंत तो पाववाला किती वेळा दारात येऊन परत गेला असेल?

डिकन्सने वडिलांवरून पुढे मिस्टर मिकॉबर लिहिला ('डेव्हिड कॉपरफील्ड', १८४९-५०), इंग्रजीतला सगळ्यात लाडका कर्जबाजारी. म्हणजे थॅकरेच्या रॅगल्सनंतर वर्ष-दोन वर्षांतच हसू पुन्हा जुन्या जागी. त्याच्याही दारात तगादेवाले येतात. त्यातला एक, बूट शिवणारा, मळक्या तोंडाचा, सकाळी सातलाच येऊन जिन्याखालून वर ओरडत राहतो, पैसे द्या म्हणून. मिकॉबर वर खचून जातो, अगदी आत्महत्येच्या गोष्टी करतो, आणि अर्ध्या तासात बूट चकाकवून, गाणं गुणगुणत बाहेर पडतो. वाचक खूश.

त्या बूट शिवणाऱ्याला कादंबरीत नाव नाही.